गांधीलमाशीची धाकटी बहीण



व्याख्यानमालेच्या व्यासपीठावरून यंत्राविषयी बोलावयाचे म्हणजे आगगाडीविषयी, विमानाविषयी, नाही तर चंद्रावर गेलेल्या यानाविषयी बोलावयाचे, अशी आपल्याकडे रीत पडली आहे. आजचा माझा विषय एवढा थोर नाही. त्याचे वजन चाळीस किलोच्या आसपास भरते, त्याचे इंजिन तळहातावर मावेल एवढ्या नळकांड्याचे आहे, आणि ते बंद पडले तर पायांनी पेडल मारीत घरी जाता येते. इटलीतील पोंतेदेरा गावच्या पिआज्जो कारखान्याने १९६७ च्या ऑक्टोबरात ही मोपेड बाजारात आणली. तिचे नाव 'चाओ'. इटालियन माणसे भेटताना आणि निरोप घेताना हाच शब्द उच्चारतात. हा शब्द व्हेनिसच्या बोलीतून आला. त्याचा मूळ अर्थ 'मी आपला दास' असा होता. वाहनाला नाव देताना कारखानदार वाघ-सिंहांच्या, वादळांच्या मागे लागतात. ह्या कारखान्याने आपल्या सर्वांत लहान गाडीला दासाचे नाव दिले, हे मला तरी अर्थपूर्ण वाटते.

ह्याच कारखान्याची थोरली लेक म्हणजे 'व्हेस्पा' स्कूटर. व्हेस्पा म्हणजे गांधीलमाशी. तिच्यावर पुस्तके निघाली, ती चित्रपटांत झळकली, जगातील संग्रहालयांत जाऊन बसली. चाओचा उल्लेख मात्र बहुधा शेवटच्या पानावर, 'याशिवाय' ह्या शब्दाने सुरू होणाऱ्या वाक्यात येतो. हा अन्याय आहे काय, आणि चाओ ही खरोखरच त्या स्कूटरच्या घराण्यातली आहे काय, हे आज पाहावयाचे आहे. कारखान्याचे जाहिरातवाले अर्थातच 'होय' म्हणतील. इतिहासाच्या अभ्यासकाने मात्र वंशावळ स्वतः तपासून घ्यावी.

पिआज्जो हे घराणे मुळात रस्त्यावरचे नव्हेच. १८८४ साली रिनाल्दो पिआज्जो नावाच्या वीस वर्षांच्या तरुणाने जेनोआजवळ सेस्त्री पोनेंते येथे जहाजांच्या आतील लाकूडकामाचा कारखाना काढला. श्रीमंत उतारूंच्या जहाजांतील दालने सजवावयाची, हा धंदा. पुढे आगगाडीचे डबे आले, आणि पहिल्या महायुद्धात विमाने आली. १९१७ साली पिसा येथे आणि १९२४ साली पोंतेदेरा येथे कारखाने घेतले गेले. पिसा म्हणताच आपल्याला तो कलता मनोरा आठवतो. पोंतेदेरा तेथून फार दूर नाही. ह्या गावात मग विमानांची इंजिने आणि विमाने बनू लागली. मुसोलिनीच्या राज्यात अशा कारखान्याला कामाची ददात नव्हती. चार इंजिनांचे 'पी १०८' हे अवजड बाँबफेकी विमान ह्याच घराण्याचे. त्यातल्याच एका विमानाला १९४१ च्या ऑगस्टमध्ये पिसाजवळ अपघात होऊन खुद्द मुसोलिनीचा मुलगा ब्रूनो ठार झाला. आज ज्या कारखान्याचे नाव घेताच उन्हातल्या सहली आणि हसऱ्या मुली डोळ्यांपुढे येतात, त्याचा हा पूर्वेतिहास आहे, आणि तो झाकून ठेवण्यात अर्थ नाही.

युद्धाने दिले ते युद्धानेच परत घेतले. दोस्तांच्या विमानांनी पोंतेदेराचा कारखाना बाँबने उद्ध्वस्त केला, आणि जे उरले त्यात माघार घेणाऱ्या जर्मन फौजांनी सुरुंग पेरले. रिनाल्दो १९३८ सालीच वारले होते. पोंतेदेरा त्यांचा मुलगा एन्रिको याच्या वाट्याला आले. त्याच्यापुढे छप्पर उडालेल्या इमारती होत्या, पत्रा वाकवण्यात तरबेज असलेले हजारो बेकार कारागीर होते, आणि विमान मागणारे गिऱ्हाईक एकही नव्हते. हरलेल्या देशाच्या विमानधंद्यावर बंधने पडली होती. रस्ते फुटलेले, पूल पडलेले, पेट्रोल महाग, आणि लोकांच्या खिशात पैसा नाही. मोटार ही चैन झाली होती. अशा लोकांना स्वस्त वाहन द्यावयाचे, एवढाच मार्ग एन्रिकोला दिसला.

पहिला प्रयत्न बिएला येथे झाला. युद्धकाळात कारखान्याचा काही भाग तेथे हलवला होता. स्पोल्ती आणि कासीनी ह्या दोन अभियंत्यांनी तेथे एक छोटी स्कूटर बांधली. 'एम पी ५' हे तिचे दप्तरी नाव. कामगार तिला 'पापेरीनो' म्हणत. डोनाल्ड डक ह्या चित्रातल्या बदकाचे ते इटालियन नाव. शंभराच्या आसपास गाड्या तयार झाल्या. पण तिच्या मध्यभागी उंचवटा होता, आणि इंजिन त्यातच बसवलेले असल्याने पाय पलीकडे टाकूनच बसावे लागे. एन्रिकोला ती पसंत पडली नाही. त्याने ते काम कोर्रादीनो दास्कानियो याच्याकडे सोपवले.

ह्या गृहस्थाविषयी थोडे सविस्तर सांगितले पाहिजे. अब्रुझ्झो प्रांतातील पोपोली गावी १८९१ साली जन्मलेला दास्कानियो हा हेलिकॉप्टरच्या आद्य रचनाकारांपैकी एक. १९३० साली रोमजवळच्या च्याम्पीनो विमानतळावर त्याच्या यंत्राने अठरा मीटर उंची गाठली, एक किलोमीटरहून थोडे अधिक अंतर कापले, आणि पावणेनऊ मिनिटे ते हवेत राहिले. त्या काळी हे जागतिक विक्रम होते. १९३२ साली तो पिआज्जोकडे आला. आयुष्यभर त्याला हेलिकॉप्टरच बनवावयाचे होते, आणि जगाने मात्र त्याला स्कूटरचा बाप म्हणून ओळखले. माणसाची कीर्ती त्याच्या मर्जीने चालत नाही, ह्याचे हे उत्तम उदाहरण.

दास्कानियोला फटफटी मुळीच आवडत नसे. घोड्यावर मांड टाकावी तसे बसावयाचे, साखळीच्या वंगणाने कपडे माखून घ्यावयाचे, आणि चाक पंक्चर झाले म्हणजे रस्त्यात बसून अर्धी गाडी उकलावयाची. ह्यात सुख ते काय, असा त्याचा सवाल. फटफटीची परंपरा ठाऊक नसल्याने त्याला ती मोडण्याचे भय वाटले नाही. त्याने कागदावर आधी खुर्चीत बसावे तसा बसलेला माणूस काढला आणि मग त्याच्याभोवती गाडी रचली, असे म्हटले तरी चालेल. इंजिन नेऊन थेट मागच्या चाकाला भिडवले. साखळीच नाहीशी झाली. गिअर बदलण्याची मूठ डाव्या हातात आणली. पुढचे चाक दोन बाजूंनी धरण्याऐवजी, विमानाचे चाक एका बाजूने धरलेले असते तसे एकाच दांड्यावर बसवले. त्यामुळे चाक काढणे सोपे झाले. आणि नळ्यांचा सांगाडा टाकून देऊन सगळी गाडी दाबलेल्या पत्र्याची केली. कवचच सांगाड्याचे काम करते, ही विमानधंद्यातली विद्या. बेकार बसलेल्या कारागिरांना ती येतच होती.

२३ एप्रिल १९४६ रोजी फ्लोरेन्स येथे ह्या रचनेच्या पेटंटसाठी अर्ज दाखल झाला. नमुना पाहून एन्रिको पिआज्जो 'ही तर गांधीलमाशी दिसते!' असे उद्गारला, आणि तेच नाव पडले, अशी कथा कारखान्यात सांगतात. मागे फुगीर, मध्ये बारीक, आणि आवाज गुणगुणणारा. तेव्हा कथा खरी मानावयास हरकत नाही. पहिल्या व्हेस्पाचे इंजिन ९८ घनसेंटीमीटरचे, ताकद ३.२ अश्वशक्तीची आणि वेग ताशी साठ किलोमीटरचा. पहिल्या वर्षी २,४८४ गाड्या निघाल्या. दहा वर्षांनी, १९५६ साली, दहा लाखावी गाडी बाहेर पडली.

ह्या यशाचे कारण इंजिनात शोधू नये. ते पायांजवळच्या मोकळ्या जागेत आहे. झगा घातलेली बाई त्या जागेतून अंग न आवळता गाडीवर बसू शकली, पायघोळ झगा घातलेला पाद्री बसू शकला, धुतलेली विजार घातलेला कारकून बसू शकला. पुढचा पत्रा रस्त्याचा चिखल अडवी. ज्याला यंत्राची आवड नाही, ज्याला हात काळे करावयाचे नाहीत, अशा माणसाला त्या गाडीने यंत्राचे सुख दिले. फटफटीवाल्याने 'कोण चालवील?' असा विचार केला होता. दास्कानियोने 'कोण चालवावयास धजत नाही, आणि का?' असे विचारले. हा प्रश्न लक्षात ठेवावा, कारण पुढे चाओचा न्याय त्यावरच करावयाचा आहे.

येथे ह्या इंजिनाची जात सांगून टाकतो. व्हेस्पा आणि चाओ या दोघींचेही इंजिन टू-स्ट्रोक. मोटारीच्या नेहमीच्या इंजिनात दट्ट्या, म्हणजे गॅरेजवाल्यांचा पिस्टन, चार खेपा करतो तेव्हा एक खेप कामाची ठरते: आत घेणे, दाबणे, पेटणे, बाहेर टाकणे. ह्या सगळ्या दारांच्या उघडझापीसाठी झडपा, त्यांना हलवणारे दांडे, असा मोठा संसार लागतो. टू-स्ट्रोकमध्ये झडपा नाहीत. नळकांड्याच्या भिंतीलाच खिडक्या असतात, आणि दट्ट्या वर-खाली होता होता त्या स्वतःच उघडतो आणि झाकतो. तो वर जातो तेव्हा वरचे मिश्रण दाबले जाते आणि त्याच वेळी खालच्या पेटीत नवे ओढले जाते. ठिणगी पडून तो खाली येतो तेव्हा आधी धूर जाण्याची खिडकी उघडते, मग नवे मिश्रण वर येण्याची. प्रत्येक फेऱ्याला एक धक्का मिळतो. खालच्या पेटीचा असा उपयोग करण्याची युक्ती इंग्लंडातील बाथ शहरच्या जोसेफ डे याने १८८९ च्या सुमारास काढली.

हलणारे भाग मोजके, म्हणून किंमत कमी आणि दुरुस्ती सोपी. पण फुकट काही मिळत नाही. खालच्या पेटीतून पेट्रोल खेळत असल्याने तेथे वंगण साठवता येत नाही; ते पेट्रोलमध्येच मिसळावे लागते आणि त्याच्याबरोबर जळते. शिवाय दोन्ही खिडक्या काही काळ एकदमच उघड्या राहतात. त्यामुळे न जळलेले मिश्रण थोडेसे धुराबरोबर सरळ बाहेर निघून जाते. तो निळसर धूर आणि तो विशिष्ट वास पुण्या-मुंबईच्या कोणत्याही प्रौढ माणसाला वेगळा सांगावयास नको.

आता व्हेस्पाच्या भोवती जे उरले त्यांच्याकडे वळू. स्कूटर स्वस्त होती ती मोटारीच्या मानाने. शेतमजूर, गिरणीतली मुलगी, शाळकरी पोर, पेन्शनीतला म्हातारा यांना तीही दूरच होती. ही माणसे सायकलवर होती, आणि सायकलला छोटे इंजिन जोडून देणारे धंदेवाले युद्ध संपताच पुढे आले होते. इटलीत दुकातीचे 'कुच्चोलो', म्हणजे कुत्र्याचे पिल्लू, आणि गारेल्लीचे 'मोस्कीतो', म्हणजे डास, ही दोन इंजिने सायकलींना जोडली जात. फ्रान्समध्ये १९४६ साली 'व्हेलोसोलेक्स' आणि १९४९ साली 'मोबिलेत' निघाली. 'मोपेड' हा शब्दही ह्याच सुमाराचा. मोटर आणि पेडल या दोन शब्दांची आद्याक्षरे जोडून तो १९५२ साली स्वीडनमध्ये तयार झाला. तेव्हा मोपेड पिआज्जोने शोधून काढली, असे कोणी सांगेल तर ते खरे मानू नये. ह्या क्षेत्रात पिआज्जो वीस वर्षे उशिरा उतरली.

उशीर का झाला आणि मग उतरावे का लागले, याचे उत्तर कायद्यात आणि मोटारीत सापडते. १९५९ साली इटलीत रस्त्यांचा नवा कायदा लागू झाला. पन्नास घनसेंटीमीटरपर्यंतचे इंजिन, ताशी चाळीस किलोमीटरपर्यंतचा वेग, एवढी मर्यादा पाळली तर चौदा वर्षांच्या मुलालाही परवान्याशिवाय आणि नंबराच्या पाटीशिवाय गाडी चालवता येई. ह्या मर्यादेत बसेल अशी 'व्हेस्पा ५०' १९६३ साली निघाली. दास्कानियोच्या हातची ही अखेरच्या व्हेस्पांपैकी एक. दुसऱ्या बाजूने फिआट कंपनीने १९५५ साली '६००' आणि १९५७ साली '५००' ह्या छोट्या मोटारी आणल्या होत्या. चार पैसे जमलेला कुटुंबवत्सल माणूस स्कूटर सोडून मोटारीत बसू लागला. ज्या गिऱ्हाइकावर व्हेस्पा मोठी झाली तेच हातचे जाऊ लागले. एन्रिको पिआज्जो १९६५ साली वारला आणि कारखान्याची सूत्रे त्याच्या कुटुंबाचा जावई उंबेर्तो अग्नेल्ली याच्याकडे आली. हा अग्नेल्ली फिआटच्याच घराण्यातला. ज्या मोटारींनी स्कूटरचे गिऱ्हाईक पळवले त्यांच्याच घरचा माणूस स्कूटरच्या गादीवर बसला, ही इतिहासाची गंमत म्हणावी लागेल. अशा वेळी खाली राहिलेल्या माणसाकडे वळण्याखेरीज गत्यंतर नव्हते.

अशी चाओ आली. तिच्याकडे प्रथम पाहिले तर व्हेस्पाशी तिचे काहीही नाते दिसत नाही. व्हेस्पाची चाके बुटकी आणि जाड. हिची सायकलीसारखी उंच आणि बारीक. व्हेस्पावर पाय ठेवावयास फळी, हिला पेडले. मागे स्प्रिंग नाही. खड्ड्याचा दणका खोगिराच्या स्प्रिंगने सोसावयाचा. ताकद जेमतेम दीड अश्वशक्ती. एक विमानाच्या कुळातली, दुसरी सायकलीच्या. पण थोडे जवळ जाऊन पाहावे. सायकलीच्या नळ्यांचा सांगाडा येथे नाही. दाबलेल्या पत्र्याचे एकसंध अंग आहे आणि त्याच्याच पोकळीत पेट्रोल साठवले आहे, वेगळी टाकी नाही. नळकांडे आडवे निजवलेले, आणि दोन्ही बाजूंनी झाकणांनी झाकलेले, म्हणजे कपड्याला तेलाचा डाग लागावयाचा नाही. अंग मध्यभागी खाली वाकलेले, म्हणजे पाय उंच न उचलता बसावे. झग्याची, विजारीची, हाताच्या डागांची ती जुनी काळजी येथे जशीच्या तशी आहे.

आणि एका बाबतीत धाकटी थोरलीच्या पुढे गेली. व्हेस्पा चालवावयाची म्हणजे डाव्या मुठीने क्लच दाबून गिअर बदलावयास शिकले पाहिजे. अनेकांचे शिक्षण तेथेच थांबते. चाओला गिअर बदलणे नाही आणि क्लच दाबणेही नाही. जत्रेतला चक्री पाळणा आठवा. तो फिरू लागला म्हणजे टांगलेल्या खुर्च्या बाहेर फेकल्या जातात. चाओच्या क्लचमधले छोटे तुकडे इंजिनाचा वेग वाढला म्हणजे असेच बाहेर फेकले जातात, भोवतीच्या वाटीला घट्ट धरतात, आणि मग पट्ट्याच्या द्वारे मागचे चाक फिरू लागते. वेग उतरला की पकड आपोआप सुटते. चालवणाऱ्याने फक्त मूठ पिळावयाची आणि थांबताना ब्रेक दाबावयाचा. पेट्रोल संपले किंवा इंजिन रुसले, तर मागच्या चाकाजवळची कळ फिरवून इंजिन सोडवावे आणि निव्वळ सायकल म्हणून पेडल मारीत जावे. गाडी रस्त्यात दगा देईल ही जी नवख्याची भीती, तिचे उत्तरही गाडीतच ठेवले होते.

म्हणून माझा निर्णय असा की चाओ अंगाने सायकलीची लेक आहे, पण बुद्धीने दास्कानियोच्याच घरची आहे. कोण धजत नाही आणि का, हाच प्रश्न वीस वर्षांनी पुन्हा विचारला गेला, आणि व्हेस्पाने जी भीती शिल्लक ठेवली होती तीही काढून टाकली गेली. चाओ दास्कानियोने स्वतः रचली असे मात्र मला म्हणावयाचे नाही. कारखान्याला एकदा वळण लागले की ते वळण माणसाच्या पश्चातही काम करते. चाओच्या पाठोपाठ 'ब्रावो', 'सी' अशी तिची भावंडे निघाली. २००६ साली ती बंद होईपर्यंत तीस लाखांहून अधिक चाओ तयार झाल्या. इटलीतल्या दोन-तीन पिढ्यांच्या बाबतीत चौदावे वर्ष लागणे आणि 'मोतोरीनो' मिळणे ह्या दोन गोष्टी जवळजवळ एकच होत्या. मुलगी घरातून एकटी निघू लागली ती अनेक ठिकाणी ह्या गाडीवरून.

ह्या कथेचे दुसरे टोक आपल्या अगदी अंगणात आहे. पोंतेदेराच्या दोन्ही बहिणी महाराष्ट्रात नांदावयास आल्या, आणि एकमेकींपासून शंभर-सव्वाशे किलोमीटरांवर येऊन राहिल्या. थोरली बजाजांच्या घरी आली. १९४८ पासून बजाज मंडळी व्हेस्पा आयात करीत होती; १९५९ साली सरकारकडून उत्पादनाचा परवाना मिळाला, १९६० साली पिआज्जोशी करार झाला, आणि पुढे आकुर्डीच्या कारखान्यात ती बनू लागली. कारखान्याची तीनचाकी 'आपे', म्हणजे मधमाशी, हिच्याच वळणाची रिक्षा आपल्या रस्त्यावर धावली, हेही जाता जाता ध्यानात घ्यावे. करार १९७१ साली संपला, आणि १९७२ साली तीच घडण 'चेतक' ह्या नावाने पुढे चालली. राणा प्रतापाच्या घोड्याचे नाव इटालियन गांधीलमाशीला शोभले, हे मान्य केले पाहिजे.

धाकटी आली ती फिरोदियांच्या घरी. बजाज आणि फिरोदिया ही घराणी एके काळी एकत्र काम केलेली. हस्तीमल फिरोदिया यांच्या कायनेटिक इंजिनिअरिंगने चाओचा परवाना घेऊन १९७२ साली अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, पन्नास घनसेंटीमीटरची 'लूना' काढली. लूना हा शब्दही इटालियनच, अर्थ चंद्र. अरुण फिरोदिया यांचे नाव तिच्या घडणीशी कायमचे जोडले गेले आहे.

त्या काळी चेतक मिळणे म्हणजे काय होते हे येथील वडीलधाऱ्यांना ठाऊक आहे. किती गाड्या बनवावयाच्या हे सरकारी परवान्याने ठरत असे, मागणी त्याच्या कितीतरी पट, आणि नाव नोंदवून वर्षानुवर्षे, कोठे कोठे दहा वर्षे, वाट पाहावी लागे. मुलाच्या मुंजीत नोंदवलेली स्कूटर त्याच्या लग्नात मिळाली, असे थट्टेने म्हणत, आणि ती थट्टा फार खोटी नव्हती. ज्याला एवढा पैसाही नव्हता आणि एवढा धीरही नव्हता त्याच्यासाठी लूना होती. प्राथमिक शिक्षक, तालुक्याच्या गावचा पोस्टमन, विम्याचा एजंट, शिकवणीला जाणारी बाई, दुधाच्या बरण्या लटकावलेला गवळी, ह्या सर्वांनी तिला आपले म्हटले. साडी नेसून पेडल मारावयास आणि मूठ पिळावयास अडचण नव्हती. पुण्याच्या रस्त्यांवर बायका दुचाकी सहजपणे चालवतात याचे बाहेरगावच्या माणसाला आजही नवल वाटते. त्या सहजपणाचे पुष्कळसे श्रेय लूनाच्या पदरात घातले पाहिजे, असे माझे मत आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याने पन्नास घनसेंटीमीटरपर्यंतची दुचाकी सोळाव्या वर्षी चालवण्यास मुभा दिली आणि कॉलेजात जाणारी मुले-मुली तिच्याकडे वळली. 'चल मेरी लूना' ही तिची जाहिरात दूरचित्रवाणीवरून घरोघर पोहोचली.

परदेशी वस्तू येथे आली म्हणजे तिला येथले पाणी लावावेच लागते. चाओ ही एकट्याची गाडी. इटलीत तिच्यावर दुसऱ्या माणसाला बसवणे कायद्याविरुद्ध. आपल्याकडे एकट्याची गाडी ही कल्पनाच चालत नाही. मागे बायको, पुढे पिशवी, आणि दोघांच्या मधे पोर, हे धरूनच गाडी बांधावी लागते. लूनाच्या एका पुढच्या रूपाचे 'डबल प्लस' हे नावच पाहावे. इटालियन धाकटीने येथे येऊन संसार थाटला त्याची ती कबुलीच होय. दक्षिणेत १९८० साली 'टीव्हीएस ५०' निघाली, तीही दोन माणसांची म्हणूनच.

त्या इंजिनाला पुढे त्याचा धूरच भोवला. झडपा टाकून जी स्वस्ताई मिळवली होती तिचा हिशेब हवेने मागितला. युरोपात १९९९ पासून मोपेडच्या धुरावर कायद्याने मर्यादा आल्या आणि पुढे त्या कडक होत गेल्या. आपल्याकडेही नव्वदच्या दशकात तेच झाले. इटलीत दुसरी मोकळीकही गेली: अल्पवयीन चालकांना १९८६ पासून आणि मोपेडवरच्या सर्वांनाच २००० पासून शिरस्त्राण सक्तीचे झाले. केस वाऱ्यावर उडवीत जाणारी ती जाहिरातीतली मुलगी तेथेच संपली. तिचे डोके शाबूत राहिले, तेव्हा ह्या बदलाबद्दल हळहळण्याचे मला कारण दिसत नाही. धुराविषयीही तसेच. ज्यांना त्या निळ्या धुराची आठवण गोड वाटते त्यांनी त्याच काळात चौकात उभ्या राहिलेल्या वाहतूक पोलिसाची आठवणही काढावी.

पुढे पोंतेदेराची मंडळी स्वतःच महाराष्ट्रात आली. १९९९ पासून बारामतीला पिआज्जोच्या तीनचाकी बनू लागल्या आणि २०१२ साली तेथेच व्हेस्पाही बनू लागली. पण आता ती चैनीची, हौसेची, महागडी स्कूटर म्हणून. थोरलीचा असा मानमरातब झाला. चेतक २००९ साली बंद झाली होती. तिचे नाव विजेच्या स्कूटरवर परत आले. आणि २०२४ च्या फेब्रुवारीत कायनेटिक घराण्यातल्याच एका कंपनीने विजेची 'ई-लूना' बाजारात आणली. तिच्यात नळकांडे नाही, दट्ट्या नाही, पेट्रोलमध्ये वंगण मिसळावयाचे नाही. पायांजवळची मोकळी जागा मात्र तशीच ठेवली आहे, पोते उभे करता येईल एवढी.